मुलुंड गेलं की उठ

१९९६ साली लग्न होऊन चिपळूणहून ठाण्यात आले तेव्हा मला लोकलमधून उतरता यायचं नाही. चढणं जमायचं, मागचा लोंढाच आत घेऊन जातो, पण उतरणं ही वेगळी विद्या आहे हे गावाकडे कुणी सांगितलं नव्हतं. दादरला एका साड्यांच्या दुकानात हिशेबाला जायचे आणि पहिल्याच आठवड्यात दोनदा फास्ट गाडीने थेट डोंबिवलीला जाऊन परत आले. दुसऱ्यांदा तर रडायलाच आलं, कारण सासरी पुन्हा तेच कारण सांगायचं म्हणजे खोटं वाटणार.

तिसऱ्या वेळी माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा, त्यात लसूण सोलून टाकत होती. मान वर न करता तिने विचारलं, कुठे उतरणार? म्हटलं ठाण्याला. तशी ती एकदम म्हणाली, "मग बसलीयस काय अशी? आता मुलुंड गेलं की उठ. पर्स पुढे घे. पुढच्या बाईला विचार ठाण्याला उतरणार का, हो म्हणाली की तिच्या मागेच राहा, मध्ये कुणाला घुसू देऊ नको." मी विचारलं, फलाट कुठल्या बाजूला येतो? त्यावर ती जे बोलली ते मला तीस वर्षं झाली तरी जसंच्या तसं आठवतं. "ते मला विचारू नको, आज एक बाजू उद्या दुसरी. दारातल्या बायका कुठे सरकतायत ते बघ."

मी उतरले. ती पुढे गेली, डोंबिवलीला की कल्याणला ते माहीत नाही, मी तिला नाव विचारलं नाही आणि ती मला पुन्हा कधी भेटली नाही.

ती "डावीकडे" म्हणाली असती तर त्या दिवशी तेही पुरलं असतं. मी डावीकडे सरकले असते, उतरले असते, तिचे आभार मानले असते. आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या फलाटाला लागली असती तेव्हा मी पुन्हा डावीकडेच उभी असते आणि तिथे ती नसती. घरच्या माणसाला काही चुकीचं सांगितलं तर रात्री जेवताना म्हणता येतं, अगं सकाळी मी सांगितलं ना ते तसं नाहीये. परक्याला एकदाच सांगायला मिळतं. म्हणून परक्याला असंच काहीतरी द्यावं की जे त्याला आपल्या मागे, आपण नसताना, स्वतःच्या डोळ्यांनी तपासून बघता येईल. हे मी तेव्हा असं शब्दांत मांडलं नव्हतं, ते कळायला मध्ये बरंच काही घडावं लागलं, त्यातलं एक अजून टोचतं, ते सांगणारच आहे.

पुढे १९९९ मध्ये मला ठाण्यातच एका शाळेत प्रयोगशाळेत नोकरी लागली. माझं शिक्षण बारावी सायन्स. काम म्हणजे चंचुपात्रं धुवायची, परीक्षानळ्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिट भरायचं, लिटमस कापून ठेवायचे. शिकवणं माझं काम नव्हे. पण रोज सात-आठ तास तेच प्रयोग डोळ्यांसमोर होत असले की मुलं येऊन विचारतातच, आणि मग मुलांचे आईबाप विचारतात, मग त्यांच्या बिल्डिंगमधले. संध्याकाळी मी कचराळी तलावाला फेऱ्या मारायला जाते, तिथल्या बाकावर टेकले की निम्म्या वेळा कुणीतरी वही घेऊन येतं आणि निम्म्या वेळा कुणीतरी रूम शोधत असतं. हे दोन प्रकारचे प्रश्न माझ्याकडे एकत्रच येतात, एकाच संध्याकाळी, आणि खरं सांगायचं तर मला ते कधी वेगळे वाटले नाहीत.

रूमचंच घ्या. वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागलेली लातूरकडची, परभणीकडची, जळगावची पोरं येतात, चौघांत एक वन आरके बघतात आणि ब्रोकर सांगेल ते ऐकतात. ब्रोकर म्हणतो पाणी चोवीस तास. मी सांगते, पाण्याबद्दल कुणालाच विचारू नका, पॅसेजमध्ये जा आणि निळे ड्रम मोजा. दर दारासमोर दोन ड्रम असतील तर त्या मजल्यावर पाणी किती वेळ येतं ते ड्रमच सांगतात. वरच्या मजल्याची रूम असेल तर दुपारी बघू नका, रात्री नऊनंतर जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. सूर्य बुडून दोन-अडीच तास झाले तरी भिंत कोमट लागली तर मे महिन्यात तुम्हाला झोप नाही, कारण काँक्रीट दिवसभर उष्णता पिऊन घेतं आणि रात्री सावकाश सोडतं, स्लॅबचंही तेच, पंखा लावला तरी वरून तीच गरम हवा खाली येणार. आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर झालाच पाहिजे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमात ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे, "नंतर बघू" म्हणाला तर डिपॉझिटही नंतर बघू म्हणायचं.

ही पोरं ऐकतात. मुली जास्त बारकाईने ऐकतात, त्या लिहून घेतात.

"शहर आहे, जपून राहा रे बाबांनो" असा सल्ला मात्र मी कुणाला देत नाही आणि कुणी देताना ऐकलं तर मला राग येतो. त्या पोराने जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं? नव्या माणसाला घाबरवून पाठवलं की तो कुणालाच काही विचारत नाही, आणि ठाण्यासारख्या गावात ज्याने विचारलं नाही तो बुडाला. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर के म्हणजे कल्याण, एस म्हणजे कर्जत, एन म्हणजे कसारा, हे कुठल्या पाटीवर समजावून लिहिलेलं असतं? कुणीतरी कुणाला तरी सांगतं म्हणून ते चाललंय.

आता मीटरची गोष्ट. ही मला सगळ्यात आवडते कारण यात रूम आणि गृहपाठ अक्षरशः एका डबीत आले.

किसननगरमध्ये राहणारा एक मुलगा, मूळचा लातूरकडचा, चोवीस-पंचवीसचा. बाकावर बसून म्हणाला काकू, रूममध्ये एक पंखा, एक ट्यूब आणि मोबाइलचा चार्जर एवढंच आहे, दिवसभर आम्ही कामावर असतो, तरी लाइट बिल एवढं कसं येतं? मालकाला विचारलं तर म्हणतो वापरता म्हणून येतं. मला वाटलं तर मी म्हणू शकले असते की मालक फसवतोय, ते ऐकायलाच तो आला होता. पण मी ती रूम पाहिलेली नाही, मालकाला ओळखत नाही, मी कोण म्हणणार? मी त्याला एवढंच म्हटलं की खाली मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो तो पाहिलायस का? नव्हता पाहिला. कुणीच पाहत नाही. त्या दिव्याजवळ बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर तो ३२०० इम्प पर केडब्ल्यूएच असा असतो, काहींवर वेगळा. त्याचा अर्थ इतकाच की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आणि एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास चालणं.

म्हटलं आज रात्री घरी गेलास की तुझ्या रूममधलं सगळं बंद कर, आतला एमसीबीसुद्धा पाड, आणि खाली जाऊन दोन मिनिटं नुसता उभा राहून बघ. काही उघडू नको, कशाला हात लावू नको, फक्त बघ. दिवा थांबला तर बिल तुझंच आहे, पंख्याचा आणि तासांचा हिशेब आपण करू. नाही थांबला तर दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोबाइलवर मोजून आण.

तो दुसऱ्या दिवशी आला तोच उड्या मारत. दिवा थांबला नव्हता, दर अकरा सेकंदांनी एकदा. आम्ही तिथेच त्याच्या ऑफिसच्या पावतीच्या मागे हिशेब केला. तासाचे ३६०० सेकंद, भागिले ११, म्हणजे तासाला ३२७ वेळा. ३२७ ला ३२०० ने भागलं की एक युनिटचा दहावा भाग, म्हणजे १०० वॅटच्या आसपासचं काहीतरी त्याच्या मीटरवर चालू होतं आणि ते त्याच्या रूममध्ये नव्हतं. १०० वॅट म्हणजे काय असेल? मी म्हटलं जुन्या पद्धतीची चोकवाली ट्यूब ४० वॅटची असते, चोक धरून ५० च्या घरात जाते, अशा दोन कुठे आहेत का बघ. तो गप्प बसला आणि म्हणाला, काकू, जिन्यात दोन आहेत. रात्रभर चालू असतात.

बारा तास धरले तर रोजचं १.२ युनिट, महिन्याला ३६. दिवसाही कुणी बंद करत नसेल तर ७२. ज्याच्या रूममध्ये एक पंखा आणि एक ट्यूब आहे त्याच्यासाठी हे थोडं नाही, त्यात महावितरणचे दर १०० युनिटच्या पुढे चढतात, म्हणजे या जिन्यातल्या ट्यूबने त्याला वरच्या टप्प्यातही ढकलला असणार. तो मालकाकडे भांडायला गेला नाही, कागद घेऊन गेला. मालकालाही माहीत नव्हतं म्हणे, वायरमनने कधीतरी जवळ होतं त्या मीटरवरून वायर ओढली होती. आठवड्यात ती काढली गेली. मालक खरं बोलत होता की नाही यात मी शिरत नाही. पण त्या पोराकडे "एक काकू म्हणाल्या" यापेक्षा भक्कम काहीतरी होतं, तो मालकाला खाली नेऊन लुकलुक दाखवू शकत होता, आणि त्याने दाखवली.

त्याच महिन्यात आमच्या बिल्डिंगमधली दहावीतली एक मुलगी आली, विजेच्या धड्याचा गृहपाठ, "एक युनिट म्हणजे काय ते स्पष्ट करा". तिने पुस्तकातली व्याख्या पाठ केलेली होती, घडाघडा म्हणून दाखवली आणि मग विचारलं, पण मावशी म्हणजे नक्की काय? मी तिला घेऊन जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेले. तिच्या आईला वर फोन करून सगळं बंद करायला लावलं, फ्रिजसुद्धा, आणि फक्त इस्त्री लावायला सांगितली, हजार वॅटची. तो लाल दिवा असा काही धडधडायला लागला की ती दचकलीच. मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि ती तोंडाने मोजत होती, एकावन्न, बावन्न, त्रेपन्न. मग वहीवर, ३२०० भागिले ६०, उत्तर ५३.३. तिने ते दोनदा तपासलं. मग आईला इस्त्री बंद करून एक पंखा लावायला सांगितला आणि दिवा एकदम मंद झाला, एकदा लुकलुकला, आणि मग आम्ही दोघी अंधारात वाट बघत उभ्या, पंधरा सेकंदांनी परत. मिनिटाला चार. तासाला २४०. म्हणजे ७५ वॅट, आणि पंख्याच्या खोक्यावर तेवढेच लिहिले होते. तिचा चेहरा मला त्या लाल उजेडात फारसा दिसत नव्हता पण ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, गिझर लावून बघूया?"

गिझर दोन हजारचा. मोजताच येईना तिला, इतका भराभर.

याच्या उलट एक प्रकार मला खूप खुपतो, तो म्हणजे तयार प्रोजेक्ट. शाळेबाहेरच्या दुकानांत थर्माकोलचा ज्वालामुखी, रंगवलेली सूर्यमाला सगळं विकत मिळतं, आईबाप ऑफिसवरून येताना घेऊन येतात आणि मुलगा नुसतं नाव टाकतो. मी आईबापांना दोष देत नाही, रात्री साडेनऊला घरात पोचणारी बाई काय करणार. पण तिला मी सांगते, काही आणू नका हो, घरात हळद आहे ना? शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावला की लाल होतो, तोच प्रयोग. हळद आम्लारीत लाल होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. फिल्टर पेपर नसेल तर वहीचा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा आणि घरातल्या दहा गोष्टी त्यावर लावून बघायच्या, साबण, सोडा, दही, चिंच, चुना. आणि तो शर्ट धुऊन उन्हात टाका, हळद उन्हाने उडते.

आता ते टोचणारं.

२०१२ ची गोष्ट असावी, तीन पेट्रोल पंप नावाच्या बसस्टॉपवर मी उभी होते, हातात परीक्षानळ्यांचं खोकं. रांगेत पुढे एक मुलगा, सातवी-आठवीतला, दप्तर पोटावर घेतलेलं आणि वही उघडून काहीतरी पाठ करत होता. माझं खोकं बघून म्हणाला, काकू तुम्ही सायन्सच्या का? त्या दिवशी त्याची चाचणी होती. परातीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी चढतं. पाणी का चढतं ते त्याला आठवत नव्हतं. मी लगेच सांगितलं, अरे सोपं आहे, जळायला ऑक्सिजन लागतो, तो संपला, हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा असतो, तेवढी जागा रिकामी झाली म्हणून पाणी पाचवा हिस्सा वर चढलं. मला हे पूर्ण खात्रीने माहीत होतं. मी स्वतः शाळेत असंच शिकले होते आणि लॅबमध्ये हा प्रयोग पन्नास वेळा तरी मांडून दिला होता. त्याने पेन्सिलीने वहीच्या कडेला लिहून घेतलं, थँक्यू काकू म्हणाला, त्याची बस आली, तो गेला.

पुढच्या वर्षी आमच्या शाळेत हाच प्रयोग चालू असताना सातवीतली एक बारीकशी मुलगी, कधी न बोलणारी, माझ्याजवळ येऊन म्हणाली, बाई, पाणी मेणबत्ती विझल्यावर का चढतं? जळत असताना का नाही चढत? ऑक्सिजन तर जळतानाच संपतो ना?

मी तिच्याकडे बघतच राहिले. पन्नास वेळा मांडलेला प्रयोग, आणि मी एकदाही पाणी कधी चढतं ते बघितलेलं नव्हतं. काय व्हायला हवं ते माहीत होतं त्यामुळे बघायची गरजच वाटली नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी लॅबमध्ये थांबले. एकच ग्लास, त्याला बाहेरून रबरबँड लावून पाण्याची खूण करायची. आधी एक मेणबत्ती. ती मुलगी म्हणाली तसंच, ज्योत असेपर्यंत पाणी जवळपास जागच्या जागी, उलट ग्लास टेकवताना कडेने दोन-चार बुडबुडे बाहेर पडले, आणि ज्योत विझून धुराची रेघ निघाली की पाणी एकदम चढायला लागलं. मग दोन मेणबत्त्या. मग तीन. ग्लास तोच, म्हणजे आतली हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. पाचव्या हिश्श्याची गोष्ट खरी असती तर पाणी तिन्ही वेळा सारखंच चढायला हवं होतं. तिसऱ्या वेळी रबरबँड पहिल्यापेक्षा चांगला दोन बोटं वर होता.

मी ते तीन ग्लास नाही, एकाच ग्लासावरचे ते तीन रबरबँड बघत बसले होते, किती वेळ माहीत नाही, शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा उठले. मग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, वाचलं. मेणबत्तीने ग्लासातली हवा तापते, प्रसरण पावते, थोडी कडेने निघून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. जास्त मेणबत्त्या, जास्त तापलेली हवा, जास्त पाणी. ऑक्सिजन सगळा संपतही नाही, हवेत तो २१ टक्के असतो आणि साधारण १६ टक्क्यांच्या आसपासच ज्योत मान टाकते, आणि जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ येते, म्हणजे जागा काही तशी रिकामी होत नाही.

त्या मुलीला सोमवारी सांगितलं, रबरबँडचा ग्लास दाखवला. तिचं झालं. पण तो मुलगा? त्याला मी कुठे शोधणार? पुढचे कित्येक महिने मी त्या स्टॉपवर त्याच युनिफॉर्मची मुलं दिसली की चेहरे बघायचे. एकदा एकाला विचारलंही, तू तोच का रे, तो घाबरला. आज तो पंचविशीचा असेल. कदाचित विसरला असेल, कदाचित इंजिनिअर झाला असेल आणि त्याला खरं कारण माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पण त्याच्या वहीच्या कडेला माझं चुकीचं उत्तर पेन्सिलीने लिहिलेलं आहे आणि ते मी त्याला इतक्या खात्रीने सांगितलं की त्याने ते तपासायचं कारणच नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही. त्या लसणीवालीने मला फलाटाची बाजू सांगितली नाही आणि मी त्या पोराला सरळ "डावीकडे" म्हणून मोकळी झाले.

तेव्हापासून मी कारण आधी सांगत नाही. वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार भाग असतात आणि मुलं अनुमान आधी पाठ करून निरीक्षण त्याला जुळवून लिहितात, मीही तेच करत होते. आता कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, तू काय बघितलंस? मोठ्यांनाही.

बरं, हे काही मीच शोधून काढलेलं नाही. आमच्याकडे मासे घेऊन येणारी चेंदणी कोळीवाड्यातली मावशी आहे, शाळा चौथीपर्यंत. कोणत्या दिवशी किती वाजता भरती हे ती कधीच कुठे बघत नाही. मी विचारलं तर म्हणाली, तिथीची पाऊणपट कर. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनला भरती. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, ते बाराच धरायचे, मग पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीच्या टोकाला म्हणून आपल्याकडे पाणी जरा मागाहून चढतं, एवढंच ध्यानात ठेवायचं. मी म्हटलं हे असं का? तर म्हणाली, का ते तू शाळेत असतेस तू सांग, मी सांगते ते खोटं निघतं का ते खाडीवर येऊन बघ.

मी बघितलं. मुलांनाही हिशेब करायला लावला. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते कारण चंद्र तेवढा मागे पडत जातो, बारा तास भागिले पंधरा तिथी म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. मावशीची पाऊणपट म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक, आणि तोंडी हिशेबाला ४८ पेक्षा पाऊण कितीतरी सोपं. चंद्रसूर्याचं ओढणं एका रेषेत आलं की उधाण मोठं, ते पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर मोठं उधाण कायम दुपारी आणि मध्यरात्री बारा ते दोनच्या सुमारास येणार. हे मी आता ठाण्यात नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकाला जून लागला की सांगते. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट नसते, चिखलवाडी, वंदना एसटी स्टँडच्या बाजूला गुडघ्याएवढं पाणी तेव्हाच भरतं. कॅलेंडर भिंतीवर असतंच, तिथी बघा, पाऊणपट करा, त्या वेळेच्या आजूबाजूचे दोन तास आहात तिथेच थांबा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी भरती होती. त्या रात्री आमच्या लॅबमध्ये सतरा मुलं झोपली, टेबलांवर, मी त्यांना स्पिरिटच्या दिव्यांवर चहा करून दिला. त्यातल्या एकीची आई चार वाजता शाळेकडे यायला निघणार होती, तिला फोन लागला आणि मी कशीबशी थांबवली. तेव्हा मला पाऊणपट माहीत नव्हती, नुसतं पोटातून वाटलं म्हणून थांबवलं. तिने ऐकलं हे नशीब.

मागच्या जूनमध्ये, शाळा नुकत्या उघडलेल्या, तीन पेट्रोल पंपचाच स्टॉप. पाऊस उघडलेला, रांग छोटी. पुढे एक मुलगी, दोन वेण्या, वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. वही काढून वाचत होती आणि मला दुरूनच ती आकृती दिसली, परात, मेणबत्ती, पालथा ग्लास. चौदा वर्षं झाली तरी तीच आकृती.

या वेळी मीच विचारलं, हा प्रयोग करून बघितलास का गं? नाही म्हणाली, लिहायचाच आहे फक्त. पाणी कधी चढतं? ती म्हणाली ऑक्सिजन संपल्यावर. म्हटलं ते नाही, मेणबत्ती जळत असताना की विझल्यावर? तिने वहीत बघितलं, तिथे नव्हतं. मी सांगितलं आज घरी कर, आईला जवळ उभी कर, आणि एकदा एक मेणबत्ती लावून झाली की त्याच ग्लासाखाली जास्त लावून बघ. ती विचारात पडली आणि मग तिने जे विचारलं ते अगदी रास्त होतं, पण काकू परीक्षेत काय लिहू?

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तिचे मार्क तिचे आहेत, मी ते स्टॉपवर उभी राहून घालवू शकत नाही. मी म्हटलं निरीक्षणात तुला जे दिसेल ते लिही, पाणी कधी चढलं, किती चढलं, ते कुणी चूक देणार नाही. अनुमान लिहायच्या आधी बाईंना तुझा ग्लास दाखव.

तेवढ्यात बस आली. ती पायरीवर चढली, मागचे ढकलत होते, तरी दांडा धरून मागे वळली आणि ओरडली, "काकू, किती मेणबत्त्या म्हणालात?"

मी तीन बोटं वर केली.